मावशीचा कांदा-लसूण मसाला, कोपरखैरणे: २०२४ च्या सीझनच्या नोंदी

१० मार्च २०२४, रविवार

आजपासून मावशीच्या मसाल्याचं काम नीट लिहून ठेवायचं ठरवलंय. मावशी गेली काही वर्षं घरून कांदा-लसूण मसाला करून विकतेय, सातारकडचा, घरचा. नवी मुंबईत, कोपरखैरण्यात आपल्याकडची माणसं भरपूर, माथाडी वसाहत इथेच, काका स्वतः तुर्भ्याच्या मसाला मार्केटला माथाडी, त्यामुळे गिऱ्हाईक शोधत फिरायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही. पण दरवर्षी होतं काय, की मार्च ते मे ऑर्डरी धडाधड येतात, मावशी मान मोडून राबते, जूनला सगळं गप्प, आणि गेल्या वर्षीची घरं यंदा परत आली की नाही हे विचारलं तर ते कुणालाच सांगता येत नाही.

माझ्या मते धंदा वाढवायचा म्हणजे आधी ह्याच घरांना धरून ठेवायचं. ज्याला चव माहीत आहे त्याला पुन्हा विकायला एक फोन पुरतो, नवीन माणसाला पटवायला सॅंपल, फोटो, घासाघीस सगळं लागतं. म्हणून पहिलं काम रजिस्टरचं. रकाने असे: नाव, बिल्डिंग, किती नेला, कोणत्या तारखेला, घरात खाणारी माणसं किती, कुठून कळलं, आणि शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, डबा कधी संपेल.

तो शेवटचा रकाना भरायला मावशीलाच बसवलं. ४ माणसांचं घर, रोज एक भाजी आणि एक आमटी, तर दिवसाला २-३ चमचे, म्हणजे ८ ते १० ग्रॅम. किलो साधारण साडेतीन महिने पुरतो. डबा तळाला जायच्या आधी आठ-दहा दिवस आपला फोन गेला पाहिजे, कारण डबा रिकामा झाला की माणूस डी-मार्टला गेल्यावर हाताला येईल ते पाकीट उचलतो आणि मग पुढचे ३ महिने आपला नंबर नाही.

१३ मार्च, बुधवार

काका संध्याकाळी बातमी घेऊन आले. ब्याडगीला परवा सोमवारी मिरचीचा भाव एकदम पडला म्हणून शेतकरी भडकले, तिथल्या बाजार समितीत जाळपोळ झाली, गाड्या जाळल्या. हावेरी जिल्ह्यातलं ते गाव, त्याच गावावरून बेडगी मिरचीला हे नाव. वर्षभर राबून आणलेल्या मालाला असा भाव मिळाल्यावर त्या माणसांचं काय झालं असेल याचा विचार करून काका जेवतानासुद्धा गप्पच होते.

आमच्याकडे मात्र त्यावरून प्रश्न उभा राहिला, मिरची उतरली तर मसाल्याचा रेट कमी करायचा का. शेजारच्या वहिनी म्हणाल्या ५० रुपये कमी करा, गिऱ्हाईक तुटून पडेल. मावशी म्हणाली, "आगं, यंदा कमी केला आन् पुढल्या साली मिरची वर गेली की कुठल्या त्वांडानं वाढवून मागू?" मला हे शंभर टक्के पटलं. रेट खाली आणणं एका दिवसाचं काम, पण परत वर न्यायला दोन-दोन वर्षं जातात. उरलेल्या पैशातून मावशी यंदा निवडक डब्बी बेडगी घेणार आहे, बुटकी, सुरकुतलेली, बिया जास्त आणि रंग गडद. बेडगीतलीच दुसरी, कड्डी, लांबट असते, तीही चांगलीच, पण मसाल्याला डब्बीचा रंग काही और. तिखटपणा येतो तो लवंगी आणि संकेश्वरी मिरचीतून.

मग रात्री आम्ही खर्च मांडायला बसलो. घरगुती धंद्यात सगळे चुकतात ते इथेच, मिरचीचा भाव धरतात आणि मिरचीची घट धरत नाहीत. देठं खुडली, कडक उन्हात दोन दिवस टाकली की किलोमागे शंभर-दीडशे ग्रॅम सहज जातात. कांद्यात तर ८५ टक्क्यांच्या वर पाणीच, टोपलीभर कांदा वाळून मूठभर होतो. शिवाय सुकं खोबरं, तीळ, खसखस, धणे, दगडफूल, तळणीचं तेल, गॅस, कांडप, पाऊच, लेबल, रिक्षा. आणि मावशीची मजुरी, ती मी हट्टाने धरायला लावली, कारण उद्या हाताखाली बाई ठेवायची झाली तर तिला पैसे द्यावेच लागणार ना. सगळं धरून किलोला ४८० पडतात. विक्री ६४० ने. सुटतात १६०, म्हणजे विक्रीच्या २५ टक्के.

१७ मार्च, रविवार

लेबल आणि कागदपत्रं. एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, बेसिक रजिस्ट्रेशन आहे, २०२४ च्या नियमाप्रमाणे वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर तेवढंच लागतं, फी वर्षाला १०० रुपये, ऑनलाइन त्यांच्या फॉसकॉस साइटवर होतं. छोट्या धंद्यांची उद्यम नोंदणी फुकट असते, कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नयेत. लेबलवर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर, हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका, घटक पदार्थ, नाव-पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना, एक्स्पायरी, एमआरपी, ग्रॅममागे किती पडतो तो भाव, तक्रारीसाठी फोन नंबर. २५० ग्रॅम १७० ला, अर्धा किलो ३३० ला, किलो ६४०.

२४ मार्च, रविवार, होळी

पुरणाचा घाट उरकून दुपारी गच्चीवर फोटो काढले. आधीचे फोटो ट्यूबलाइटखालचे होते, लाल मसाला त्यात विटकरी दिसायचा. आज ४ नंतरच्या उन्हात, पांढऱ्या सुती कापडावर, काहीही फिल्टर न लावता काढले आणि रंग जसा आहे तसा आला.

खरं काम झालं ते व्हिडिओचं. मावशी गेल्या घाण्यातला मसाला तपासत होती, मी फक्त मोबाईल धरून उभी राहिले. तिने मूठभर मसाला घेतला, घट्ट दाबला आणि मूठ उघडली तर लाडवासारखा तसाच राहिला, चार बोटांचे ठसे उमटलेले, मग अंगठ्याने कडेला जरासं दाबलं तसा अलगद फुटला आणि तळहातावरच्या रेषांमध्ये तेवढं लालसर तेल राहिलं. "कांदा नीट तळला न्हाय तर ही मूठ बांधत न्हाय," एवढंच बोलली. २० सेकंदांचा व्हिडिओ, त्याला गाणं नाही की चमकणारी अक्षरं नाहीत, स्टेटसला टाकला आणि रात्रीपर्यंत विचारणा सुरू. तयार डिझाइनचं 'शुद्ध, घरगुती, चविष्ट' लिहिलेलं पोस्टर सगळेच टाकतात, त्याने कुणाचा अंगठा थांबत नाही. हात काम करताना दिसले की माणूस थांबतो, आणि मावशीसारखे हात असतील तर ते दाखवायलाच हवेत.

३१ मार्च, रविवार

व्हॉट्सअॅप बिझनेस घेतलं, घरचा नंबर वेगळा ठेवला. कॅटलॉगमध्ये ३ वजनं, रेटसकट. रेट न लिहिता 'इनबॉक्स करा' म्हणणं मला मुळीच पटत नाही, अर्धी माणसं विचारायला लाजतात आणि निघून जातात.

ब्रॉडकास्टचं, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना पाठवायचं, एक नीट समजून घ्यायला हवं. एका यादीत २५६ जण बसतात, पण मेसेज पोचतो फक्त ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. त्यामुळे याद्या लांबवण्यापेक्षा नंबर सेव्ह करून घेणं महत्त्वाचं, म्हणून पाकीट देतानाच मावशी म्हणते, "माझा नंबर मसालेवाली मावशी म्हणून टाका बघू," आणि समोरचा तिथल्या तिथे टाकतो. लेबल्स ठेवली: नवीन, पैसे यायचेत, पोचवायचंय, परत फोन करायचाय. महिन्यातून दोन मेसेज, त्याच्या वर नाही. रोज गुड मॉर्निंग पाठवणाऱ्याला लोक म्यूट करतात, मग कामाचा मेसेजही वाचत नाहीत.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारनंतर डिलिव्हरी. सीझनचा सगळ्यात मोठा दिवस. सेक्टरवार पिशव्या लावल्या, कोपरखैरणे आणि घणसोली मी स्कूटरवर, वाशी-नेरुळचं काकांचे मित्र ड्यूटीवरून जाताना.

पाडव्यासाठी २० ग्रॅमच्या पुड्या भरल्या होत्या, एका वेळच्या मटणाला किंवा दोन वेळच्या आमटीला पुरेल इतका मसाला. ह्या पुड्या रस्त्यावर किंवा गेटवर कुणालाही वाटायच्या नाहीत हे आधीच ठरलं होतं. जुन्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत दोन टाकायच्या आणि सांगायचं, तुमच्या ओळखीत ज्यांना आवडेल त्यांना द्या. फुकटातली पुडी अनोळखी माणसाच्या ओट्यावर पडून राहते. तीच शेजारणीने 'अगं हा टाकून बघ' म्हणत दिली की त्याच आठवड्यात चुलीवर चढते. पुडीच्या मागे अख्ख्या मसुराच्या आमटीची ४ ओळींची कृती छापली, कारण ज्यांच्या घरी हा मसाला नसतोच त्यांना किती घालायचा हेच कळत नाही. कधी घालायचा तेही लिहिलं, फोडणीत, मंद आचेवर, जळू न देता.

१४ एप्रिल, रविवार

वाशीतल्या एका दुकानदाराने विचारलं, माल ठेवतो, २० टक्के कमिशन आणि पैसे विकल्यावर. ६४० चे २० टक्के १२८, आमच्या हातात राहतात ३२. नाही म्हणालो. गेल्या वर्षी अशाच एका दुकानात मावशीचा माल गेला, त्याचे पैसे मिळवायला काकांना किती चकरा घालाव्या लागल्या ते घरात सगळ्यांनी पाहिलंय. दुकानात माल ठेवायचा असेल तर रेट पहिल्या दिवसापासून त्या हिशोबाने हवा, नाहीतर दुकानात ७८० आणि घरी ६४० असे दोन रेट होतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला कुठेतरी गंडवलंय.

२१ एप्रिल, रविवार

गुगल बिझनेस प्रोफाइल केलं. घरून धंदा असेल तर घराचा पत्ता लपवून फक्त आपण कुठे पोचवतो तो भाग दाखवता येतो, तसंच केलं. नावात मुद्दाम काही घुसडलं नाही, वर्णनात 'कांदा-लसूण मसाला कोपरखैरणे' एवढं साधं, लोक शोधताना तेच टाइप करतात. रिव्ह्यूची लिंक क्यूआर करून पाकिटावर चिकटवलीय. रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट द्यायचा नाही, गुगलच्या नियमात ते बसत नाही आणि वाचणाऱ्यालाही असले रिव्ह्यू ओळखू येतात.

एका ताईंनी ३ स्टार देऊन लिहिलं की मसाला चांगला पण मुलांना तिखट लागतो. मावशी हिरमुसली. मी तिला म्हटलं, उलट हीच माहिती विकत मिळत नाही. उत्तर लिहिलं, 'ताई, कळवलंत ते बरं झालं, लवंगी कमी आणि बेडगी जास्त असा घाणा पुढच्या आठवड्यात करतोय, तुम्हाला आधी देऊ.' आता दोन प्रकार, झणझणीत आणि मध्यम. वहिनी म्हणतात गरम मसाला, मेतकूट, लोणचं पण काढा, पण मी त्याच्या विरोधात आहे. दहा वस्तू ठेवल्या की दहाही अर्धवट होतात आणि 'मसालेवाली मावशी' म्हटल्यावर माणसाच्या तोंडाला जी एक चव आठवायला पाहिजे ती आठवत नाही.

५ मे, रविवार

इन्स्टाग्रामवर पैसे लावून जाहिरात करावी का, यावर आठवडाभर खल चाललाय. माझा नियम साधा आहे, जी पोस्ट फुकटात चालली तिच्यावरच पैसे लावायचे, जी पडून आहे तिच्यावर लावून ती उठत नाही. मुठीचा व्हिडिओ घेतला, जवळच्या ५ किलोमीटरात, थोडेच पैसे, बटण दाबलं की थेट व्हॉट्सअॅप उघडेल असं. विचारणा आल्या, बऱ्याच नुसत्याच 'प्राइस?' विचारून गायब, थोड्या पक्क्या.

पण रजिस्टरचा 'कुठून कळलं' हा रकाना वाचत गेले तर बहुतेक ओळींत कुणाच्या तरी घराचं नाव. अमक्या काकूंकडून, तमक्या वहिनींकडून. जाहिरात बंद करणार नाही, पण पुढचा रुपया पुड्यांवर जाणार.

१२ मे, रविवार

बंगळूरहून एका बाईंचा फोन, किलोभर कुरिअर करा. इथे जीएसटीचा मुद्दा येतो आणि तो बऱ्याच घरगुती धंदेवाल्यांना ठाऊक नसतो. राज्यातल्या राज्यात माल विकत असाल तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण दुसऱ्या राज्यात विकायचा तर ही सूट नाही, पहिल्या पाकिटापासून नोंदणी हवी. मसाल्यावर ५ टक्के जीएसटी आहे. नोंदणी घेतली की दर महिन्याला किंवा तिमाहीला रिटर्न आलं, त्याची फी आली. सध्या पुणे, कऱ्हाड, नाशिक कुठेही पाठवतो, बाहेरच्या राज्याला नाही. त्या बाईंची आई वाशीलाच राहते, ती इथून विकत घेऊन लेकीकडे जाताना नेणार आहे. ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरही ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटीशिवाय राज्यातल्या राज्यात विकता येतं, फक्त एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो, पण त्यांचं कमिशन आमच्या १६० मध्ये बसत नाही.

२० मे, सोमवार

मतदानाची सुट्टी. सकाळी रांगेत उभं राहून मत देऊन आलो, मग शेवटच्या मोठ्या घाण्याची मिरची वाळत टाकली. पुढच्या आठवड्यात कांडप झालं की पावसाआधीचं काम बंद.

९ जून, रविवार

पाऊस आला. आज ब्रॉडकास्ट केला, पण त्यात विक्रीचं एक अक्षर नाही. फक्त एवढंच: मसाला काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा, वर हिंगाचे खडे ठेवा, ओला चमचा घालू नका, रोजच्याला छोट्या डबीत काढून घ्या. ह्या एका मेसेजला जेवढी उत्तरं आली तेवढी ऑफरच्या मेसेजलाही येत नाहीत. कुणी बरणीचे फोटो पाठवले, कुणी सासूबाई कसं करायच्या ते लिहिलं, आणि त्यातच तिघी-चौघींनी विचारलं, अजून आहे का हो शिल्लक? पैसे घेतल्यावरही आपण त्यांच्या बरणीची काळजी करतोय हे माणसाला बरोबर कळतं.

माल थोडाच उरलाय. मावशीला म्हटलं, संपला की संपला म्हणायचं, घाईघाईत बिनउन्हाच्या मिरचीचा करायचा नाही. दमट मिरचीच्या मसाल्याला बुरशी धरते आणि एवढ्या वर्षांचं नाव एका पावसात जातं.

७ जुलै, रविवार

आजपासून फोन. पाडव्याला किलो नेलेल्यांचा डबा रजिस्टरप्रमाणे जुलैच्या चौथ्या आठवड्यात संपतो, पण १७ ला आषाढी एकादशी, चातुर्मास लागतो आणि बऱ्याच घरांत कांदा-लसूण बंद. त्यामुळे यादी दोन भागांत केली. जे पाळतात त्यांना आत्ता फोन करून गळ घालण्यात अर्थ नाही, त्यांच्यासमोर 'दसऱ्याआधी आठवण करायची' असं लिहिलं. जे पाळत नाहीत त्यांना आज.

मावशीच बोलली, मी शेजारी बसून लिहीत होते. नेरुळच्या काकूंना लावला. "काय काकू, गुडघा कसाय?" पासून सुरुवात, मग लेकाचं कॉलेज, मग पाऊस, आणि मग काकूच म्हणाल्या, "अगं बरी आठवण केलीस, तळाला गेलाय, अर्धा किलो ठेव, आणि माझ्या जावेला पण हवाय, तिचा नंबर घे." मसाल्याचं नावही मावशीने काढलेलं नव्हतं. हे कुठल्या अॅपला जमणार नाही. मी फक्त आज कुणाला फोन करायचा ती यादी तिच्या हातात देते, बोलणं तिचं.

१५ जुलै, सोमवार, कांदेनवमी

कालपासून अर्धा-पाव किलोच्या ऑर्डरी. कांदेनवमीला घरोघरी भजी, झणझणीत रस्से. स्टेटसला काल रात्रीच कांद्याच्या थालीपिठाचा फोटो टाकला होता. वर्षभराचं कॅलेंडर आता भिंतीवर लावलंय, आपल्या मसाल्याचे दिवस कोणते ते खुणा करून: पाडवा, गावच्या जत्रा, कांदेनवमी, आषाढातले शेवटचे रविवार, दसरा झाल्यावर थंडी. सरसकट सगळ्या सणांना शुभेच्छा टाकण्यापेक्षा आपल्या वस्तूचे हे ४-५ दिवस पकडले की पुरे.

४ ऑगस्ट, रविवार, दीप अमावस्या

सकाळी ७ पासून मटणाच्या दुकानांपुढे रांगा आणि मावशीचा फोन सतत वाजतोय. उद्यापासून श्रावण. १० च्या आत सगळी पाकिटं पोचवली, कारण आज दुपारी २ ला पोचलेला मसाला कुणाच्याच कामाचा नाही. उरलेली शेवटची ८-१० पाकिटं नवीन लोकांना न देता रजिस्टरमधल्या जुन्या घरांसाठी राखून ठेवली होती, आणि तीच शेवटी फोन करून गेली.

११ ऑगस्ट, रविवार

मसाला शून्य. मावशीची मजुरी वेगळी काढून तिच्या स्वतःच्या खात्यात टाकली, नफा धंद्याच्या खात्यात. ही दोन खाती पाडव्यालाच वेगळी केली होती, त्यामुळे आज हिशोबाला तासभरही लागला नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात एक घाणा करायचाय. ज्यांच्यासमोर 'दसऱ्याआधी' लिहिलंय त्यांची यादी २० सप्टेंबरला काढायची, अर्धे पैसे आगाऊ घेऊन तेवढाच माल करायचा. देठं खुडायला खालच्या मजल्यावरच्या दोघी तयार आहेत, किलोवर मजुरी ठरवायचीय. काकांनी मार्केटमध्ये डब्बीसाठी सांगून ठेवलंय. रजिस्टर मावशी स्वतः लिहायला लागलीय, तिने एक रकाना आपल्या मनाने वाढवलाय, 'घरात कोण आजारी', आणि तो तसाच ठेवायचा असं ठरलं.